घरची वीज, तरी शुल्क का?

उद्योजकांच्या गटांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय: कारखान्यानं स्वतःच्या जनरेटरवर किंवा छपरावरच्या सौर पॅनेलवर केलेली वीज विकली जात नाही, त्यामुळे तिच्यावरचं विद्युत शुल्क, म्हणजे राज्य सरकारचा विजेवरचा कर, बेकायदा आहे, भरू नका, भरलंच तर अंदाजानं भरा. हे वाचून शुल्क थांबवणाऱ्याच्या डोक्यावर थकबाकी चढते, म्हणून यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

"विक्री नाही, म्हणून कर नाही." राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची 53वी नोंद विजेच्या 'वापर किंवा विक्री'वरील कराची आहे. यातला 'वापर' हा एक शब्दच पुरेसा आहे. ग्वाल्हेरच्या जियाजीराव कॉटन मिल्सनं हाच वाद घातला होता. गिरणी वीज स्वतः बनवून स्वतःच वापरत होती. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हा उत्पादनावरचा कर नाही, वापरावरचा आहे, आणि बनवणारा स्वतःच वापरत असला तरी तो लागतो.

"केंद्रानं 2023 मध्ये हे बंद केलं." ऊर्जा मंत्रालयाची त्या वर्षीची पत्रं वीजनिर्मितीवरच्या करांबद्दल होती, मुख्यतः जलविद्युतवरच्या पाणी उपकरासारख्या. हिमाचलचा तसा कायदा तिथल्या उच्च न्यायालयानं मार्च 2024 मध्ये रद्दही केला. वापरावरच्या शुल्काला त्यानं धक्का लागत नाही.

"कॅप्टिव्ह प्लांटला सगळं माफ." कॅप्टिव्ह प्लांट म्हणजे मुख्यतः स्वतःच्या वापरासाठी उभारलेला वीज प्रकल्प. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. वितरण कंपनीऐवजी दुसरीकडून वीज घेणाऱ्यावर तिचे काही अधिभार लागतात. त्यातला माफ आहे तो क्रॉस सबसिडी अधिभार, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2021 च्या निकालानंतर अतिरिक्त अधिभारही. तोसुद्धा वापरकर्त्यांची किमान 26 टक्के मालकी आणि वर्षभरात किमान 51 टक्के स्ववापर असेल तरच. विद्युत शुल्क राज्याच्या कायद्यानं लागतं. त्यात सूट हवी तर राज्याची अधिसूचना आणि तिची मुदत पाहा.

"डिझेलवर कर भरलाय, पुन्हा कशाला?" ही तक्रार खरी आहे. डिझेल जीएसटीबाहेर असल्यानं त्यावरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही. पण सूट मागण्यासाठी हा युक्तिवाद चांगला असला, तरी शुल्क न भरण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

"अंदाजानं भरा, मोजतंय कोण?" सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. अंदाज सोडाच, मीटर असूनही आकडा चुकू शकतो. 500 केव्हीए क्षमतेच्या जनरेटर सेटला पूर्ण भारावर साधारण 695 अँपिअर जातात, म्हणून 800/5 चा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मोठा प्रवाह मीटरला झेपेल इतका कमी करणारं उपकरण; इथे 800 चे 5 अँपिअर) बसवतात. मीटरमध्ये हे गुणोत्तर भरलेलं नसेल तर वाचनाला 160 नं गुणायचं. जुना 400/5 चा सीटी बदलला पण नोंदवहीत जुना गुणक 80 तसाच राहिला, तर युनिट निम्मे दिसतात. एका फेजचा सीटी उलटा जोडला गेला आणि मीटर तिन्ही फेजची बेरीज-वजाबाकी करणारा असेल, तर समतोल भारावर एक तृतीयांशच नोंद होते. एका फेजचा व्होल्टेज फ्यूज उडाला तर दोन तृतीयांश.

पडताळणी डिझेलच्या बिलांवरून होते. धड चालणारा सेट लिटरला तीन ते चार युनिट देतो. महिन्याला 4,000 लिटर डिझेल आणि वहीत 6,500 युनिट असतील, तर विवरणपत्र भरण्याआधी पॅनेल उघडून सीटीवरची पट्टी वाचा.