‘घरबसल्या एका वर्षात सायकॉलॉजिस्ट’: या दाव्यात नेमकं काय चुकतं

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींत, आणि हल्ली पुण्या-मुंबईतही, एक सल्ला हातोहात फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: तुमची आधीची पदवी कुठल्याही विषयाची असो, ब्रिटिश विद्यापीठाची ऑनलाइन ‘कन्व्हर्जन’ एम.एस्सी. सायकॉलॉजी नोकरी सांभाळून वर्षभरात होते. तिला ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची, म्हणजे बीपीएस या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची मान्यता असते, त्यामुळे पदवी मिळाली की तुम्ही सायकॉलॉजिस्ट. फीसाठी सरकार कर्ज देतं. आणि उद्या भारतात परतलात तरी तिच्या जोरावर प्रॅक्टिस करता येते.

यातली पदवीच्या विषयाची गोष्ट बहुतांशी खरी आहे. कॉमर्स, इंजिनिअरिंग, संगीत, काहीही शिकलेल्या माणसाला मानसशास्त्राच्या वाटेवर आणण्यासाठीच हे अभ्यासक्रम निघाले. काही ठिकाणी मात्र आधी मानसशास्त्राचे ६० क्रेडिट पूर्ण केलेले लागतात, तेवढी अट वाचून घ्यावी. बाकीचे दावे अर्धवट तरी आहेत किंवा सरळ चुकीचे. योग्य माणसासाठी ही पदवी उत्तम गुंतवणूक आहे, पण लोक तिच्यावर घरातली शिल्लक आणि दोन-तीन वर्षांच्या संध्याकाळी लावतात. म्हणून एकेक दावा नीट तपासायला हवा.

‘नोकरी सांभाळून वर्षभरात होते.’

ब्रिटनमधली एम.एस्सी. १८० क्रेडिटची असते आणि एका क्रेडिटमागे साधारण १० तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे १,८०० तास. वर्षभरात संपवायचे तर आठवड्याला सुमारे ३५ तास होतात. ती दुसरी नोकरीच झाली. दोन वर्षांत आठवड्याला १७ तास, तीन वर्षांत साडेअकरा. पूर्णवेळ नोकरी आणि घरात लहान मूल असेल तर तीन वर्षांचाच हिशेब धरा.

आणखी एक गोष्ट प्रवेश घेताना कुणी सांगत नाही. बऱ्याच ऑनलाइन अभ्यासक्रमांत विषय आळीपाळीने शिकवले जातात. जानेवारीत प्रवेश घेणाऱ्याच्या वाट्याला पहिल्याच सत्रात संख्याशास्त्र येऊ शकतं. एखादा विषय राहिला किंवा आजारपणामुळे पुढे ढकलावा लागला, तर तो पुन्हा फिरून येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून प्रवेशापूर्वीच विषयांचा क्रम आणि प्रत्येक विषय वर्षातून किती वेळा लागतो, हे लेखी मागून घ्यावं.

‘बीपीएसची मान्यता आहे, म्हणजे तुम्ही सायकॉलॉजिस्ट.’

सर्वांत जास्त नुकसान करणारा दावा हाच. मान्यताप्राप्त कन्व्हर्जन पदवीने मिळते ती जीबीसी, म्हणजे बीपीएसच्या चार्टर्ड सदस्यत्वाकडे नेणारी पहिली पायरी. बी.एस्सी. सायकॉलॉजी केलेला ब्रिटिश विद्यार्थी जिथे उभा असतो तिथे ती तुम्हाला आणून उभं करते, त्यापुढे नाही. तीसुद्धा आपोआप मिळत नाही: एकूण किमान ५० टक्के लागतात आणि संशोधन प्रकल्पात उत्तीर्ण व्हावंच लागतं. इतर विषयांतल्या गुणांनी तो भरून निघत नाही.

ब्रिटनमध्ये व्यवसायाचं नियमन बीपीएस करत नाही. ते काम हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स काउन्सिलचं, म्हणजे एचसीपीसीचं. २००९ पासून प्रॅक्टिशनर सायकॉलॉजिस्टांची नोंदणी तिच्याकडे आहे. क्लिनिकल, काउन्सेलिंग, एज्युकेशनल, फोरेन्सिक, हेल्थ, ऑक्युपेशनल, स्पोर्ट अँड एक्सरसाइज यांपैकी कोणताही शब्द ‘सायकॉलॉजिस्ट’च्या आधी लावायचा तर एचसीपीसीची नोंदणी हवी. ‘रजिस्टर्ड’ आणि ‘प्रॅक्टिशनर’ हे शब्दही तसेच राखीव आहेत. नोंदणी नसताना लोकांची दिशाभूल करून ही नावं वापरणं गुन्हा आहे. नुसता ‘सायकॉलॉजिस्ट’ हा शब्द कायद्याने राखीव नाही, आणि या फटीचा आधार घेऊन पाट्या लावल्या जातात. त्या वाटेला जाऊ नका. मदतीसाठी येणारा माणूस तुमची पाटी वाचून विश्वास टाकतो.

नोंदणीपर्यंतचा रस्ता शाखेप्रमाणे बदलतो. क्लिनिकलसाठी तीन वर्षांची पूर्णवेळ डॉक्टरेट लागते. इंग्लंडमध्ये तिचा खर्च एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा उचलते आणि प्रशिक्षणार्थीला तिच्या वेतनश्रेणीतल्या बँड ६ चा पगार मिळतो, त्यामुळे तिथे स्पर्धा जबरदस्त असते. या जागा बहुतेक ठिकाणी ‘होम फी’साठी, म्हणजे स्थानिक विद्यार्थ्यांच्या फीसाठी पात्र असलेल्यांनाच मिळतात. वर्क व्हिसावर असलेल्याने कन्व्हर्जनचे पैसे भरण्याआधी हीच अट तपासावी. एज्युकेशनलसाठीही तीन वर्षांची डॉक्टरेट. काउन्सेलिंगची डॉक्टरेट साधारणपणे स्वखर्चाने करावी लागते. हेल्थ, फोरेन्सिक, ऑक्युपेशनल आणि स्पोर्टसाठी त्या शाखेची वेगळी मान्यताप्राप्त एम.एस्सी. आणि त्यानंतर किमान दोन वर्षं देखरेखीखालचं काम, हा नेहमीचा मार्ग. आज सुरुवात करणाऱ्याने नोंदणीपर्यंत सहा ते आठ वर्षं धरली तर हिशेब बरोबर बसतो.

डॉक्टरेटच्या अर्जात पहिल्या पदवीचे गुणही बघितले जातात. बी.कॉम.ला ५० टक्के असतील तर कन्व्हर्जनमध्ये जेमतेम पास होऊन भागणार नाही. मेरिट किंवा डिस्टिंक्शन हवं. शिवाय एक शिफारस तुमच्या अभ्यासाची माहिती असलेल्या प्राध्यापकाची लागते. रेकॉर्ड केलेली लेक्चर्स रात्री अकराला बघणाऱ्या विद्यार्थ्याला कुणी नावानेही ओळखत नसतं. थेट तासांना हजर राहणं, प्रश्न विचारणं, प्रकल्पाच्या मार्गदर्शकाला वेळेवर मसुदे पाठवणं, हे ऑनलाइन विद्यार्थ्याने मुद्दाम ठरवून करावं लागतं.

‘सगळ्या ऑनलाइन सायकॉलॉजी एम.एस्सी. सारख्याच.’

मान्यता विद्यापीठाला नसते, त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला असते. एकाच विद्यापीठात ‘एम.एस्सी. सायकॉलॉजी कन्व्हर्जन’ मान्यताप्राप्त आणि शेजारची ‘एम.एस्सी. अप्लाइड सायकॉलॉजी’ मान्यता नसलेली असू शकते. जाहिरातीची भाषा बारकाईने वाचा. ‘बीपीएसच्या निकषांनुसार आखलेला’ किंवा ‘मान्यतेसाठी अर्ज केलेला’ याचा अर्थ आज मान्यता नाही. बीपीएसच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांचा शोध आहे. तिथे विद्यापीठ टाका, पदवीचं नाव अक्षर न अक्षर जुळवा, दूरस्थ पद्धतीची नोंद आहे का आणि तुमच्या प्रवेशाच्या तुकडीला ती लागू आहे का ते बघा. मग अभ्यासक्रम प्रमुखाला ईमेल करून तीन गोष्टी विचारा: माझ्या तुकडीला जीबीसी लागू आहे का, त्यासाठी किती गुण लागतात, आणि प्रकल्पात नापास झालो तर पुन्हा संधी किती वेळा. उत्तर जपून ठेवा.

भारतातून बी.ए. किंवा एम.ए. मानसशास्त्र करून आलेल्यांनी तर आधी बीपीएसकडे स्वतःच्या कागदपत्रांची तपासणी करून घ्यावी. परदेशी पदव्यांचं तिथे वैयक्तिक मूल्यमापन होतं, आणि ते अनुकूल आलं तर कन्व्हर्जनची गरजच उरत नाही. घोडं अडतं ते बहुधा प्रकल्पावर. टी.वाय.ला जर्नलमध्ये लिहिलेले ठरावीक प्रयोग म्हणजे स्वतः प्रश्न मांडून, माहिती गोळा करून केलेलं संशोधन नव्हे. असा शोधप्रबंध केला असेल तर तो आणि विषयवार अभ्यासक्रमाच्या छापील प्रती जोडा.

‘ऑनलाइन म्हणजे सोपं, वाचायचं आणि निबंध लिहायचे.’

ज्यांना माणसांशी बोलायला आवडतं म्हणून या विषयाकडे यायचं असतं, ते इथे दचकतात. जैविक, बोधनिक, विकासात्मक, सामाजिक आणि व्यक्तिभेदांचं मानसशास्त्र, विषयाचा इतिहास व संकल्पना, आणि या सगळ्याच्या पाठीशी संशोधनपद्धती व संख्याशास्त्र, असा हा अभ्यास आहे. समुपदेशनाचं कौशल्य यात शिकवलं जात नाही. एसपीएसएस, जॅमोव्ही किंवा आर यांपैकी संख्याशास्त्राचं एखादं सॉफ्टवेअर मात्र हाताखालून जातंच. जॅमोव्ही आणि आर फुकट आहेत. प्रवेशाआधी महिनाभर त्यावर टी-टेस्ट, सहसंबंध, रिग्रेशन करून बघा. तेही नको वाटलं तर अजून पैसे भरलेले नाहीत, हे लक्षात घ्या.

खरी परीक्षा प्रकल्पाची. समजा, दोन गटांची तुलना करायची आहे आणि फरक मध्यम आकाराचा असेल असा अंदाज आहे. ०.०५ ची सार्थकता पातळी आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) धरली तर प्रत्येक गटात ६४, म्हणजे एकूण १२८ माणसं लागतात. फरक लहान असेल तर हाच आकडा प्रत्येक गटामागे ४०० च्या आसपास जातो. कॅम्पसवरच्या विद्यार्थ्याला वर्गमित्र मिळतात. घरून शिकणाऱ्याला एकेक माणूस शोधावा लागतो, आणि प्रश्नावली अर्ध्यात सोडणारे बरेच असतात. म्हणून विषय निवडतानाच ही माणसं कुठून आणणार, हे कागदावर लिहा. नसेल जमत तर मुलाखतींवर आधारलेला गुणात्मक प्रकल्प किंवा खुल्या माहितीसंचाचं विश्लेषण चालेल का, ते मार्गदर्शकाला पहिल्याच भेटीत विचारा.

संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या नीतिसमितीची मंजुरी येईपर्यंत एकही प्रश्नावली पाठवता येत नाही, आणि अर्ज दुरुस्तीसाठी परत येणं नेहमीचं आहे. नैराश्य मोजायला अनेक जण पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली घेतात. तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. समिती लगेच विचारते: निनावी प्रश्नावलीत कुणी ‘रोज’ असं उत्तर दिलं तर तुम्ही काय करणार? निनावी असल्यामुळे करता काहीच येत नाही. म्हणून तो प्रश्न गाळलेली पीएचक्यू-८ वापरणं बरं. एनएचएसचे रुग्ण घ्यायचे तर वेगळी मंजुरी लागते आणि एम.एस्सी.च्या वेळेत ती बसवणं फार अवघड. प्रश्नावली मराठीत हवी असेल, उदाहरणार्थ लेस्टरमधल्या किंवा पुण्यातल्या आजी-आजोबांसाठी, तर आधी प्रमाणित मराठी आवृत्ती आहे का ते शोधा. नसेल तर एकाने मराठीत अनुवाद करायचा, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने तो परत इंग्रजीत आणायचा, दोन्ही ताडून बघायचे आणि मग थोड्या लोकांवर चाचणी घ्यायची. यात महिने जातात. तरीही अशा प्रकल्पांची गरज मोठी आहे. ज्याच्याकडे वेळ आहे त्याने ते जरूर करावेत.

‘फीसाठी सरकारी कर्ज मिळतं.’

इंग्लंडमधलं पदव्युत्तर कर्ज २०२५-२६ या शैक्षणिक वर्षात सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी १२,८५८ पौंडांपर्यंत होतं. पण ज्याच्याकडे आधीच मास्टर्स पदवी आहे त्याला ते मिळत नाही, मग ती भारतातली का असेना आणि स्वतःच्या पैशांनी का केलेली असेना. एम.बी.ए., एम.टेक., एम.कॉम. झालेली आपली निम्मी मंडळी इथेच बाद होतात. स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्यांनाही ते साधारणपणे मिळत नाही. कायमचा वास्तव्य परवाना आणि तीन वर्षांचं वास्तव्य लागतं. १२० क्रेडिटच्या पदविकेला कर्ज नाही, पूर्ण एम.एस्सी.लाच आहे. पैसे विद्यापीठाला जात नाहीत, तुमच्या खात्यात हप्त्याहप्त्याने येतात, आणि पहिला हप्ता नोंदणी पक्की झाल्यावरच येतो. तोवर विद्यापीठाच्या फीचा हप्ता उलटून गेलेला असू शकतो. परतफेड वर्षाला २१,००० पौंडांवरच्या उत्पन्नाच्या ६ टक्के दराने होते. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. आणि भारतात बसून असा अभ्यासक्रम करणाऱ्याला त्यावर स्टुडंट व्हिसा मिळत नाही, त्यामुळे शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसाही नाही.

‘भारतात परतल्यावर प्रॅक्टिस करता येते.’

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या दिलेली आहे: भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने मान्य केलेल्या संस्थेची क्लिनिकल सायकॉलॉजीतली पात्रता, किंवा मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी अधिक देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. कन्व्हर्जन एम.एस्सी.त रुग्णांसोबतचं प्रशिक्षण नसतंच, त्यामुळे ती एकटी या व्याख्येत बसत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवायला सांगितलं. त्यानंतर भारतातल्या कुणाचं लक्ष परदेशी ऑनलाइन पदव्यांकडे वळलं, तर ते समजण्यासारखं आहे. पण भारतात या क्षेत्राची दिशा प्रत्यक्ष हजर राहून घेतलेल्या प्रशिक्षणाकडे जाते आहे, हेही त्यातून दिसतं. नाशिक-कोल्हापुरात रुग्ण बघायची इच्छा असेल तर आरसीआयमान्य संस्थेतला नियमित अभ्यासक्रम हाच सरळ मार्ग. परदेशी पदवी घ्यायचीच असेल तर समकक्षतेबद्दलचं उत्तर पैसे भरण्याआधी लेखी मिळवा, आणि अर्जात ‘दूरस्थ पद्धत’ हे स्पष्ट लिहून विचारा.

ब्रिटनमध्ये राहून लोकांना मदत करणं एवढाच हेतू असेल तर कन्व्हर्जनशिवायही दारं आहेत. एनएचएस टॉकिंग थेरपीज या बोलण्यातून उपचार करणाऱ्या सेवेत सायकॉलॉजिकल वेलबीइंग प्रॅक्टिशनर म्हणून प्रशिक्षण घ्यायला जीबीसी लागत नाही. कोणतीही पदवी आणि मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातला थोडा अनुभव यावर अर्ज करता येतो, आणि शिकताना पगार मिळतो. समुपदेशक व्हायचं तर बीएसीपी या समुपदेशकांच्या संघटनेने मान्य केलेला अभ्यासक्रम, ज्यात प्रत्यक्ष माणसांसमोर बसून शिकवतात. डॉक्टरेट, संशोधन किंवा जीबीसी मागणारी एखादी ठरावीक नोकरी डोळ्यांसमोर असेल तर मात्र कन्व्हर्जन जरूर करा, आणि त्या नोकरीच्या दोन-तीन जाहिराती काढून त्यांतल्या अटी अभ्यासक्रमाशी ताडून बघा.