नवयुग आणायचंय? मग एवढं कराच

गेल्या रविवारी आमच्या आत्यानं एकवीसशे रुपये भरून घरबसल्या 'माया नवयुग प्रवेश शिबिर' केलं. बदल्यात लॅमिनेट केलेलं एक कार्ड आलं. त्यावरच्या जन्मचिन्हानुसार आत्या आता 'निळा गरुड' आहे. गुडघ्यांमुळे तिला दुसऱ्या मजल्यावर चढवत नाही, पण गरुड. तुम्हालाही असा धंदा टाकायचा असेल, तर हे घ्या.

पहिली गोष्ट, २१ डिसेंबर २०१२. मेक्सिको-ग्वातेमालाकडच्या माया लोकांच्या कालगणनेचा हवाला देऊन त्या दिवशी जग बुडणार म्हणत होते आणि २२ तारखेला दूधवाला वेळेवर आला, हे कुणीतरी काढणारच. घाबरू नका. "बुडालं ते जुनं युग, तुमची कंपनं खालची म्हणून तुम्हाला जाणवलं नाही," एवढं म्हणा आणि फीचा क्यूआर कोड पाठवा.

गणितात शिरू नका. माया मोजणीत १,४४,००० दिवसांचं एक बाक्तुन, अशी तेरा बाक्तुनं त्या दिवशी भरली, दुसऱ्या दिवशी मोजणी पुढे चालू. पालेंके या जुन्या माया नगरीतल्या शिलालेखात तर इ.स. ४७७२ मधल्या सोहळ्याची तारीख कोरलेली आहे. हे श्रोत्यांना कळलं तर शिबिराला कोण येईल?

मयासुर आणि माया हे एकच, असं ठोकून द्या. मायांची मोजणी इ.स.पू. ३११४ पासून, आपलं कलियुग ३१०२ पासून. बारा वर्षांचा फरक 'ऊर्जेत' जिरवा.

'ऊर्जा' हा शब्द दर वाक्यात हवाच.

आता कार्ड. त्यावर जीभ बाहेर काढलेल्या चेहऱ्याचा तो गोल दगड छापा. सगळे छापतात. तो दगड मायांचा नाही, मेक्सिकोतल्याच अझ्टेक या वेगळ्या लोकांचा आहे! १७९० मध्ये मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात सापडला, आज तिथल्याच संग्रहालयात आहे. म्हणजे वारीच्या पत्रिकेवर ताजमहाल छापण्यातली गत. आणि तो 'निळा गरुड' कुठला? होझे आर्ग्वेयेस नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी बसवलेल्या नव्या मोजणीतला. तीत २९ फेब्रुवारी धरतच नाहीत. ग्वातेमालाच्या डोंगरांत आजही २६० दिवसांचं चक्र सांभाळणारे माया जाणकार आहेत, त्यांच्या मोजणीशी हिचा मेळच बसत नाही. म्हणजे आत्या गरुड आहे की आणखी काही, हेसुद्धा धड माहीत नाही, आणि पैसे मात्र आगाऊ!

शेवटचं, "माया लोक गूढरीत्या नाहीसे झाले" हे डोळे मिटून म्हणा.

नाहीसे कुठले झाले हो? लाखो लोक आज किचे, युकातेक या माया भाषा बोलतात, मका पेरतात, बाजारात जातात. त्यांच्या पोथ्या १५६२ मध्ये मेक्सिकोतल्या मानी गावात दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्यानं जाळल्या. ग्वातेमालाच्या यादवीत, १९६० ते १९९६, सुमारे दोन लाख माणसं मारली किंवा गायब केली गेली. त्यांतले बहुतेक माया होते. तेव्हा कुणाची कंपनं वाढली नाहीत. जिवंत माणसांना मेलेलं ठरवून त्यांच्या नावावर म्हाताऱ्यांच्या पेन्शनीत हात घालता, शिबिरवाल्यांनो, लाज नाही वाटत? परवा आत्यानं फोन करून पैसे परत मागितले, तर तुम्ही म्हणालात, "ताई, शंकेनं ऊर्जा अडते."

शंका नाही हो. एकवीसशे रुपये अडलेत.