स्मार्ट मीटरच्या त्या फॉरवर्डमधलं एकच वाक्य ठेवण्यासारखं आहे

आमच्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवर आठवड्यात चौथ्यांदा तोच मेसेज आला, 'स्मार्ट मीटर बसवू देऊ नका, रिचार्ज संपला की मध्यरात्री लाईट जाणार, मीटर दुप्पट पळतो, संध्याकाळी डबल रेट, आणि मीटरचे 12 हजार तुमच्याच खिशातून'. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

रिचार्जचं आधी. स्मार्ट वेगळं आणि प्रीपेड वेगळं, मेसेजवाल्याने दोन्हीची खिचडी केलीये. केंद्राच्या नियमांत प्रीपेड आहे हे खरं, पण जून 2024 मध्ये फडणवीसांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही असं जाहीर केलं, आणि महावितरण आता लावतंय ते टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावू शकणारे स्मार्ट मीटर) पोस्टपेड आहेत, म्हणजे आधी वापरा, मग बिल.

मीटर पळतो म्हणे. रविवारी मी मीटर रूममध्ये जाऊन उभा राहिलो, घरातलं सगळं बंद, फ्रिजसुद्धा, आणि बायकोला फोन करून सांगितलं की आता किटली लाव. आमच्या मीटरवर 3200 लिहिलंय, म्हणजे लाल लाईट 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट, त्यामुळे 1500 वॅटच्या किटलीला मिनिटाला साधारण 80 पडायला हवेत, मी मोजले 78 (दोन माझ्याच पापण्या लवताना गेले असतील). एवढं करूनही शंका असेल तर तक्रार करा ना, केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार तक्रारीपासून 5 दिवसांत शेजारी दुसरा मीटर लावून किमान 3 महिने रीडिंग ताडून बघावं लागतं. हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. आणि जुना मीटर काढताना शेवटच्या रीडिंगचा फोटो घ्या बाबांनो, भांडणं तिथेच होतात.

डबल रेट? उलट 1 जुलै 2025 पासून घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत सुरू झाली. आता जे सकाळीच कुलूप लावून ठाणे-वाशी ट्रेन पकडतात त्यांनी काय करायचं, रजा टाकून कपडे धुवायचे का, हा प्रश्न रास्त आहे. केंद्राच्या 2023 च्या नियमांत घरगुतीलाही पीक अवरला, म्हणजे विजेची मागणी सगळ्यात जास्त असते त्या तासांना, किमान 1.1 पट दराची तरतूद आहे, तेव्हा उद्या आपल्याकडे ते आलं तर बोंब मारायला मी पहिला असेन, पण 1.1 म्हणजे डबल नव्हे.

राहिले 12 हजार. हातात बिल देऊन कोणी मागत नाहीये, पण केंद्राचं अनुदान मीटरच्या किमतीच्या 15 टक्के, तेही जास्तीत जास्त 900 रुपये, बाकीचे पैसे वीज कंपनी ठेकेदाराला वर्षानुवर्षं फेडणार, आणि कंपनीची कमाई म्हणजे तुमचं-आमचं बिल. त्यामुळे 'फुकट आहे' म्हणणारेही अर्धंच सांगतायत. वीज नियामक आयोगाची दरवाढीची जनसुनावणी लागेल तेव्हा 'तुमच्याच खिशातून' हे वाक्य घेऊन जा, बाकीचा मेसेज डिलीट केलात तरी चालेल.