साइट संथ आणि गुळाचा दर शिळा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

साइट वेगवान करायला एसएसडी (चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) आणि कॅशिंग (एकदा तयार झालेलं पान साठवून पुन्हा देणं) वापरा, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. जादा पैसे मोजून एनव्हीएमईचा (आणखी वेगवान एसएसडीचा) होस्टिंग प्लॅन घेतला, तरी गुळाची साइट होती तितकीच हळू उघडते. कॅशिंग प्लगइन (साइटला जोडायची तयार सोय) टाकलं, सकाळी दर बदलला, तुमच्या स्क्रीनवर नवा दर दिसला, पण गिऱ्हाइकांना दुपारपर्यंत जुनाच दिसत राहिला. तेव्हा लहान दुकानदाराला असले सल्ले देणं म्हणजे होस्टिंगवाल्यांची फुकट जाहिरात, असं तुमचं म्हणणं. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात सौदे निघतात तसा भाव हलतो. जुन्या दरानं आलेली ऑर्डर थेट तुमच्या खिशाला लागते. तुमचा राग पटतो, निष्कर्ष नाही.

पहिल्या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे. तुम्ही साइट बघता ती ॲडमिन म्हणून लॉगिन करून. बहुतेक कॅशिंग प्लगइन लॉगिन केलेल्या माणसाला साठवलेलं पान देत नाहीत. त्यामुळे तुमच्यासाठी दर वेळी पीएचपी (पान बनवणारा प्रोग्रॅम) चालतं, डेटाबेसला विचारणा होते आणि पान नव्यानं तयार होतं. दर ताजा, पण वेळ लागतो. गिऱ्हाइकाला तयार पान मिळतं, झटकन, पण कालचं. इन्कॉग्निटो विंडो (जिथं तुमचं लॉगिन नसतं) उघडा, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये उत्तराचा पहिला बाइट यायला किती वेळ लागतो ते बघा, मग तेच लॉगिन करून बघा. फरक मोठा असेल तर तुमचं गिऱ्हाईक तुमच्यापेक्षा वेगवान साइट वापरतंय.

आता डिस्क. मिनिटाला ७२०० फेऱ्या (आरपीएम) मारणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो भाग समोर यायला सरासरी अर्धी फेरी जाते, वर वाचणारं हेड सरकायचा वेळ. म्हणून विखुरलेली वाचनं सेकंदाला शंभरच्या आसपास अडकतात. एसएसडीत फिरणारं काही नाही, तिथं हाच आकडा हजारोंत जातो. पण हा फायदा डिस्कपर्यंत जावं लागलं तरच. तुमच्या दुकानातले जिन्नस मोजके, डेटाबेस लहान. डेटाबेस सांभाळणाऱ्या मायएसक्यूएलमध्ये माहिती साठवायचं काम इनोडीबी हा भाग करतो; त्याचा बफर पूल (रॅममधली राखीव जागा) मुळातच १२८ एमबीचा असतो, त्यात तो अख्खा मावेल. एकदा रॅममध्ये आला की पान दाखवायला डिस्क जवळपास लागतच नाही. पानं उघडण्यापुरता एनव्हीएमईचा तुम्हाला उपयोग झाला नाही, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. तुमचा वेळ प्लगइनांच्या पीएचपीत आणि गुऱ्हाळाच्या आकार न आटवलेल्या फोटोंत जात असणार. पीएचपी ५.५ पासून सोबत येणारं ओपीकॅश (पीएचपीचा तयार झालेला कोड रॅममध्ये ठेवणारी सोय) चालू आहे ना, तेही बघा.

मात्र ऑर्डर वेगळी. ती वाचायची नसते, लिहायची असते. नेहमीच्या सेटिंगमध्ये इनोडीबी प्रत्येक व्यवहाराची नोंद डिस्कवर पक्की करूनच ‘झालं’ म्हणतं. इथं कुठलीच पेज कॅश कामाला येत नाही. दिवाळीत ऑर्डरी एकदम येतात तेव्हा एसएसडी कामाला येते. म्हणून साधी एसएसडी ठेवा, महागडा प्लॅन सोडलात तरी चालेल.

शिळ्या दराचं मात्र मनावर घ्या. साइट चालवणाऱ्या वर्डप्रेसच्या उत्पादन-पानावर दर बदलून सेव्ह केलं की चांगलं प्लगइन त्या पानाची कॅश पुसतं. पण पीएचपीमायॲडमिनमधून (डेटाबेस हातानं बदलायच्या साधनातून) थेट डेटाबेसात आकडा बदलला, तर वर्डप्रेसला पत्ताच लागत नाही आणि जुनं पान तसंच दिलं जातं. तुम्ही दर कुठून बदलता ते आधी बघा.

शिळा दर अडकायची दुसरी जागा ब्राउझर. दराच्या पानाला मॅक्स-एज (प्रत किती वेळ ताजी मानायची ती मुदत) मोठा दिला असेल, तर गिऱ्हाइकाच्या फोनवर गेलेली प्रत सर्व्हरवरून परत बोलावता येत नाही. एचटीएमएल पानांना ‘नो-कॅश’ ही सूचना द्या. मग ब्राउझर दर वेळी सर्व्हरला विचारतो, बदल नसेल तर ३०४ उत्तर येतं आणि सगळं पान पुन्हा उतरवावं लागत नाही. फोटोंना वर्षभराची मुदत खुशाल द्या, फक्त फोटो बदलला की फाइलचं नावही बदला.

कार्ट आणि चेकआउट कॅशमध्ये कधीच नकोत. हे जुळेपर्यंत दर दाखवणारी पानंही प्लगइनच्या अपवादांत टाकून ठेवा. ती थोडीच आहेत, बाकीची साइट कॅशमधून जाऊ दे.