माणशी १३५ लिटर

दर मे महिन्यात इंजिनियरिंगची मुलं गोव्यात आमच्याकडे पाणीपुरवठ्याच्या कामात इंटर्नशिपला येतात. यंदा चौघांना एकच काम दिलं. कळंगुटला, म्हणजे किनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या गावाला, रोज किती पाणी लागेल ते काढा. अर्ध्या तासात उत्तर तयार! जनगणनेतली लोकसंख्या, तिच्यात वाढ धरून, गुणिले माणशी रोजचे १३५ लिटर, हे पुस्तकातलं ठरलेलं माप. वर एपानेट या संगणक प्रणालीत पाइपांचं जाळं आखून दाबही काढलेला. गणितात एक चूक नव्हती.

पण २०११च्या जनगणनेत डिसेंबरचं कळंगुट कुठे आहे? हॉटेलं किती, तरणतलाव किती, वर्षभर कुलूप असलेले फ्लॅट किती, घरच्या विहिरीवर अजून किती जण भागवतात, हे एकानेही विचारलं नाही. हे विचारायचं असतं, असं त्यांना कोणी शिकवलेलंच नव्हतं. मुलं हुशार आहेत. मला राग अभ्यासक्रमाचा येतो.

मीही तोच अभ्यासक्रम शिकून आले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका टोकाच्या वाड्यावर पाणी चढत नव्हतं. मी हेडलॉस, म्हणजे पाइपात घटणारा दाब, काढला आणि मोठा पंप मागितला. मंजुरी येऊन पंप बसला, तरी नळ कोरडेच. मग आमचा वॉलमन, म्हणजे व्हॉल्व उघडून पाणी सोडणारा माणूस, लोखंडी सळई घेऊन लाइनीवरून चालत गेला. सळईचं एक टोक खाली, दुसरं कानाला, आतल्या पाण्याचा आवाज ऐकत. एका वळणावर थांबून म्हणाला, "बाय, पंप बरो आसा. व्हॉल्व अर्दो बंद आसा." रस्ता करताना व्हॉल्व डांबराखाली गेला होता. माझी फाइल फिरत होती तेवढे दोन महिने तिथल्या बायका टँकरची वाट बघत होत्या. ते मला अजून टोचतं. तो वॉलमन पुढे निवृत्त झाला. त्याला ठाऊक असलेल्या कितीतरी जोडण्या आमच्या नकाशावर आजही नाहीत.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मेमध्ये टँकर लागतो. जांभ्यात पाणी भराभर मुरतं आणि तसंच झऱ्यांवाटे निघून जातं. हे भूशास्त्र झालं. खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली, मानस हे पाण्याचं दार; ते भरतीच्या दाबाने मिटतं, ओहोटीला उघडतं. त्याची फळी कुजली की खारं पाणी शेतात शिरतं. फळी बदलायची कोणी, खर्च कोणाचा, शेत राखायचं की मासळी, हे प्रश्न जलशास्त्राइतकेच गावकीच्या कारभाराचे. म्हादई नदीच्या पाण्यावरून गोवा-कर्नाटकात चाललेल्या वादाचं तर विचारूच नका. २०१८च्या निवाड्यात लवादाने गोव्याला २४ टीएमसी दिलं, कर्नाटकाला १३.४२. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. तो निवाडा समजायला नदीचं मोजमापही यावं लागतं आणि १९५६चा आंतरराज्य जलविवाद कायदाही.

ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात पृथ्वीविज्ञान शिकवतात, फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजात सिव्हिल. माझ्याकडे आलेल्यांपैकी एकही जण दुसऱ्याच्या वर्गात बसलेला नव्हता. पाण्यात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी विद्यापीठाने एक सामाईक सत्र ठेवावं, सिव्हिल, भूशास्त्र आणि कायद्याच्या मुलांचं एकत्र. त्यांना एकच ओढा द्यावा आणि जूनपासून मेपर्यंत मोजायला लावावा. त्याच्या काठावरच्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलणं हाही मार्कांचा भाग असावा.

तोवर माझ्या हातात आहे तेवढं मी करणार. पुढच्या मेमध्ये येणाऱ्या मुलांना पहिला आठवडा संगणक मिळणार नाही. आमचा आताचा वॉलमन पहाटे साडेचारला पाणी सोडायला निघतो. मुलं त्याच्याबरोबर जातील आणि येताना प्रत्येक व्हॉल्वची जागा वहीत उतरवून आणतील.