जीपी व्हायला वेगळं शिकावं लागतं

सध्या एक मजकूर खूप फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘जनरल प्रॅक्टिसला, म्हणजे कुठलाही आजार घेऊन येणाऱ्याला आधी तपासणाऱ्या डॉक्टरच्या (जीपीच्या) कामाला, वेगळं प्रशिक्षण लागत नाही, पदवी पुरते. शिकायचंच तर मोठ्या रुग्णालयात शिका, तिथे सगळे आजार पाहायला मिळतात. गाव काय नि शहर काय, जीपीचं काम एकच. आणि गावात डॉक्टर हवेत तर सक्ती करा.’ हे पुढे पाठवणाऱ्यांत डॉक्टरही आहेत, म्हणून हे उत्तर.

आधी रुग्णालयाचा मुद्दा घेतो, कारण मूळ चूक तिथेच आहे. अमेरिकन संशोधक केर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी 1961 साली एक हिशेब मांडला होता. 1000 प्रौढांपैकी महिन्याभरात 750 जणांना काही ना काही दुखणं होतं, 250 डॉक्टरकडे जातात, 9 रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो फक्त 1. विद्यार्थी वर्षानुवर्षं त्या एकावर शिकतो आणि दवाखाना उघडतो तो अडीचशे जणांसाठी. वॉर्डातला पेशंट बहुतेकदा आधी कुणीतरी तपासून, निवडून पाठवलेला असतो. दवाखान्यात डोकं दुखतंय म्हणून येणाऱ्यांत गाठ निघणारा क्वचित एखादा. वॉर्डाची सवय घेऊन बसलेला नवा डॉक्टर सगळ्यांनाच स्कॅनला पाठवतो. किंवा उलट होतं: साध्या तापांना इतका सरावतो की त्यातला मेंदूज्वर हातून निसटतो. कुणाला ‘दोन दिवसांनी परत या’ म्हणायचं आणि कुणाला याच क्षणी गाडीत घालायचं, हे अनुभवी जीपीच्या शेजारी बसून, रोजचे पेशंट पाहत शिकावं लागतं. पुस्तकात ते अर्धंच सापडतं.

‘पदवी पुरते’ याला फार शब्द नकोत. अमेरिकेत 1969 पासून फॅमिली प्रॅक्टिस या नावाने ही स्वतंत्र विशेष शाखा आहे, तिची रेसिडेन्सी (पदवीनंतरचं प्रशिक्षण) 3 वर्षांची. ब्रिटनमध्ये पदवीनंतरची 2 पायाभूत वर्षं संपल्यावर आणखी 3 वर्षं शिकावं लागतं. कॅनडात 2.

काम एकच? गाभा एकच, हे मान्य. पण शहरात चार तज्ज्ञांच्या चिठ्ठ्या घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाची सगळी औषधं एकत्र मांडून पाहणारा जीपीच असतो. दुर्गम भागात रुग्णालय तासन्‌तास दूर असतं, आणि अडलेली बाळंतीण वाट पाहू शकत नाही. ऑस्ट्रेलियात याचसाठी 1997 मध्ये ग्रामीण आणि दुर्गम भागातल्या डॉक्टरांचं वेगळं कॉलेज निघालं. त्याचं प्रशिक्षण 4 वर्षांचं, आणि त्यातलं एक वर्ष भूल, प्रसूती, शस्त्रक्रिया अशा एखाद्या जादा कौशल्यासाठी राखलेलं.

सक्तीने मुदतीपुरता डॉक्टर मिळतो, हे मी नाकारत नाही. जपानमधल्या जिची वैद्यकीय विद्यापीठातही सेवेची अट आहे. पण 1972 पासून ते प्रत्येक प्रांतातून विद्यार्थी निवडतं, फीचा भार उचलतं आणि त्याच प्रांतात सेवेला पाठवतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2010 च्या मार्गदर्शक सूचनांत ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी घ्या, त्यांना गावात शिकवा, असंच सांगितलं. नुसता बॉण्ड लिहून घेऊन एकट्या पाठवलेल्या तरुण डॉक्टरचा फोन रात्री दोन वाजता उचलायला कुणी वरिष्ठ नसेल, तर मुदत संपेल त्या दिवशी तो बॅग भरणारच. मी त्याला दोष देणार नाही.