पुरानं विष धुऊन जात नाही

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीपासून आमच्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘पुराच्या पाण्यानं जमिनीतलं आर्सेनिकसारखं विष धुऊन निघतं. समुद्र वाढला की किनाऱ्यावर हेच होईल, वर खारं पाणी विष मारतं. शंका असेल तर पाणी उकळून प्या. मराठवाड्याला तर समुद्रच नाही.’

पहिलंच वाक्य उलटं आहे. मातीतलं आर्सेनिक गंजासारख्या लोहाच्या कणांना चिकटून असतं. हवा खेळती असेतोवर ते बहुतांशी तिथंच राहतं. पाणी तुंबलं की हवा कोंडते, जिवाणू ऑक्सिजनऐवजी लोह वापरायला लागतात, लोह विरघळतं आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं, तेही जास्त विषारी रूपात. मग ते झिरपून विहिरीत जातं, नाहीतर भाताच्या मुळांत. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात ह्याच क्रियेनं हापशांचं पाणी नासलं. पाणी उपसताना नितळ दिसतं, बादलीत थोडा वेळ ठेवलं की तांबूस गाळ बसतो. तो विरघळलेल्या लोहाचा. आर्सेनिकला मात्र ना रंग, ना वास, ना चव.

हवा कोंडणं म्हणजे काय, ते 2025 च्या पावसाळ्यात आपण वावरात पाहिलंय. आठवडाभर पाण्याखाली राहिलेलं सोयाबीन उपटलं तर मुळं काळी पडलेली, चिखल निळसर, आणि सडक्या अंड्याचा वास हाताला चिकटून राहिलेला. आपल्या काळ्या मातीत आर्सेनिक भरलंय, असं मी म्हणत नाही. आपलं दुखणं पाण्यातल्या फ्लोराईडचं आणि नायट्रेटचं, नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडच्या लोकांना ते सांगायला नको.

खाऱ्या पाण्याच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती जास्त फसवते. अमेरिकेत डेलावेअरमधल्या जुन्या कारखान्यांनी नासवलेल्या किनाऱ्याच्या मातीवर प्रयोग झाले, ते 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. नदीच्या पाण्यापेक्षा समुद्राच्या पाण्यात आर्सेनिक कमी सुटलं. कमी सुटलं, मेलं नाही. आर्सेनिक मूलद्रव्य आहे, ते मरत नसतं. शिवाय समुद्र चढला की फक्त खारं पाणीच येतं असं नाही. पावसाळ्यात नदीचं पाणी खाडीतून बाहेर पडायला अडतं आणि गोडं पाणीच जमिनीवर तुंबून राहतं. 1901 ते 2018 मध्ये जगातली समुद्रपातळी सुमारे 20 सेंटिमीटरनं वाढली, आणि वाढीचा वेग आता जास्त आहे.

उकळण्याचा सल्ला सगळ्यात घातक. जंतू मरतात, पण पाणी आटतं आणि आर्सेनिक तेवढंच उरतं, म्हणजे घोटागणिक जास्त. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. ती पाळली गेली का, हे फक्त प्रयोगशाळेत कळतं.

राहिला ‘आपल्याला समुद्र नाही’ हा मुद्दा. आपल्या ताटातला भात कुठल्या वावरात पिकला, हे पोत्यावर लिहिलेलं नसतं. भात शिजवताना चांगलं पाणी भरपूर घाला आणि पेज ओतून द्या, आर्सेनिक बरंच कमी होतं. पाठवायचाच असेल तर त्या मेसेजऐवजी एवढं पाठवा.